एक्केचाळीस नंबरची ओळ

“चहा मागाहून घेऊ, रणवरेबाई,” असे म्हणत डॉ. गद्रे यांनी कपबशी बाजूला सारली आणि कोटाच्या आतल्या खिशातून एक लिफाफा काढून माझ्यापुढे ठेवला. “आधी हे वाचा.”

लिफाफ्यावरचे अक्षर मी हातभर अंतरावरूनच ओळखले. तीन वर्षे माझा प्रत्येक अहवाल त्याच अक्षरात लिहिला गेला होता.

ते एकोणीसशे एकोणऐंशी सालच्या जानेवारीचे शेवटचे दिवस होते. सीना नदीच्या अलीकडे, काळ्या रानात, आमचे ज्वारी संशोधन केंद्र होते आणि मी त्याची प्रमुख होते. ज्वारीच्या पानांवर पिवळ्या रेघा पाडून ताट खुरटवणारा, कणीस पोटरीतच, पानाच्या वेष्टणात, अडकवून ठेवणारा एक विषाणू त्या भागात हिंडत होता. तुडतुडे नावाचे बारीक किडे तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेत. औषध त्यावर नव्हते. एकच उपाय होता, आणि तो म्हणजे मुळातच बळी न पडणारा वाण. बारा वर्षे खपून मी तो वाण काढला होता. त्याला अजून नाव नव्हते. क्रमांक होता एक्केचाळीस. लागोपाठ तीन हंगाम त्याच्या ओळीत रोगट झाडांची संख्या शून्य आली होती. डॉ. गद्रे यांची तीन माणसांची समिती ती ओळ पाहून वाणाला मान्यता द्यायला आली होती आणि मृगानंतर त्याचे बी गावोगाव वाटले जायचे होते.

मी पत्र वाचले. लहानसेच होते.

“एक्केचाळीस क्रमांकाच्या ओळीतील रोगट रोपे मुकादम निवृत्ती साबळे दर रविवारी उपटतात आणि रिकाम्या झालेल्या जागा भरण्यासाठी त्याच वाणाची निरोगी रोपे तेथे लावतात. ही रोपे विहिरीमागे जाळीखाली, तांबड्या मातीच्या टोपल्यांत वाढवलेली असतात. ही गोष्ट मला या हंगामात समजली. सबब शून्य हा आकडा ग्राह्य धरू नये.” खाली सही होती: सुलभा भिंगारे, संशोधन साहाय्यक.

सुलभा टेबलाच्या टोकाला बसली होती. समोर वही उघडी, पेन उघडे. समितीचे कामकाज लिहून घ्यायला मीच तिला बसवले होते.

“हे तू लिहिलंस?”

“हो, मॅडम.”

“केव्हा?”

“संक्रांतीच्या आदल्या दिवशी.”

केंद्रावर बायकांना राहायला जागा नव्हती, म्हणून पहिल्या दिवसापासून मी तिला माझ्या बंगल्यातली पुढची खोली दिली होती. तोंडाने हवा ओढून काचेच्या नळीत तुडतुडा कसा धरावा, तो न चिरडता रोपाच्या पोंग्यात, मधल्या कोवळ्या सुरळीत, कसा सोडावा, हे मी तिला माझ्या हाताने शिकवले. संक्रांतीला तिला काळी साडी घेतली. ती नेसून तिने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, तेव्हा हे पत्र टपालात पडून एक दिवस झाला होता. नंतरचे नऊ दिवस ती माझ्या पंगतीला जेवली, आमटी वाढू का म्हणून विचारत राहिली.

“निवृत्तीला बोलवा,” मी म्हणाले.

निवृत्ती साबळे माझ्याकडे वीस वर्षे मुकादम होता. पेरणीपासून काढणीपर्यंत केंद्राची एकूण एक ओळ त्याच्या हाताखालून जाई. तो आला, पायरीखाली वहाणा काढल्या आणि उंबऱ्याशी उभा राहिला. डॉ. गद्रे यांनी त्याला पत्रातला मजकूर सोप्या शब्दांत सांगितला आणि विचारले, “खरं आहे का हे?”

निवृत्तीने सुलभाकडे पाहिले. मग जमिनीकडे.

“न्हाय साहेब. म्या एक रोप उपटलं न्हाय.”

“शपथेवर सांगाल?”

“सांगीन की.”

डॉ. गद्रे माझ्याकडे वळले. ते सभ्य गृहस्थ होते. “बाई, एका बाजूला तुमचा वीस वर्षांचा माणूस, दुसऱ्या बाजूला ही मुलगी. माझ्यापुरतं म्हणाल तर तुमचा शब्द पुरेसा आहे.”

माझा शब्द तेथे पुरला असता. मी तो दिला असता, तर त्या दिवशी सही होऊन चहा झाला असता. पण कोणी माझ्या शब्दावर भागवून घ्यावे, हे मला कमीपणाचे वाटले. माझ्या माहेरी एक म्हण होती, कर नाही त्याला डर कशाला.

“शब्द कशाला हवा?” मी म्हणाले. “आमचं रान काळं आहे. रोप तांबड्या मातीतून आणून लावलं असेल, तर मुळांच्या पोटात तांबडी माती निघेल. ओळ उपटून पाहू. आठ दिवसांनी काढणीला उपटायचीच आहे.”

“सगळी?”

“पन्नास ताटं आहेत. पहिलं मी उपटीन.”

खुर्च्या सरकल्या. सुलभाने वही मिटली.

“वही घे,” मी तिला म्हणाले. “तूच लिहायचं आहेस.”

त्या ओळीचे रूप आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. डावीकडे जुन्या वाणाची ओळ होती, ती मुद्दाम ठेवलेली. तिच्यावर आम्ही एक्केचाळीसइतकेच तुडतुडे सोडले होते. ती गुडघ्याएवढी खुरटली होती, पाने पिवळ्या रेघांनी भरली होती आणि एकाही ताटाला धड कणीस नव्हते. तिच्या शेजारी एक्केचाळीस पुरुषभर उंच, टपोऱ्या मोत्याच्या कणसांनी वाकलेला. पाहुणे ती जोडी पाहून नेहमीच गप्प होत. समितीही झाली.

मी पदर खोचला. निवृत्ती माझ्यामागे दोन पावलांवर होता. त्याने फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हटले, “बाईसाहेब, नगा उपटू.”

मला वाटले, तयार पिकाची नासाडी त्याला बघवत नाही.

पहिले ताट मी दोन्ही हातांनी धरून उपटले. मुळांना काळी ढेकळे. आपटून पाहिले, आतही काळी. दुसरे काळे. तिसरे काळे. मी सुलभाकडे वळून म्हटले, “लिही. तीन, तिन्ही स्वच्छ.”

चौथे ताट हलके आले. मुळांचा झुबका बांधावर आपटला तेव्हा काळी माती गळून पडली आणि मध्यभागी मुठीएवढा तांबडा गोळा राहिला. बारीक मुरमाचे खडे त्यात दिसत होते. असा मुरूम आमच्या केंद्रावर एकाच जागी होता. विहीर खणताना निघालेला ढीग होता तो.

मी पाचवे उपटले.

विसाव्या ताटाला डॉ. गद्रे म्हणाले, “पुरे, बाई. कळलं.”

“पन्नास म्हटलंय.”

मी पन्नास उपटली. हातांची सालटी निघाली. काळी मुळे एका बाजूला, तांबडी दुसऱ्या बाजूला, असे दोन ढीग मीच लावले आणि तांबडा ढीग मीच मोजला.

“सतरा,” मी म्हणाले. “लिहिलंस?”

“हो, मॅडम.”

पन्नासांत सतरा, आणि तेही एका हंगामात सापडलेली. असा वाण पेरणारा शेतकरी तीन वाट्यांतला एक वाटा गमावून बसला असता. बारा वर्षांचे माझे काम तेथे बांधावर पडले होते आणि त्याच्या मुळांचा रंग आंधळ्यालाही सांगता आला असता.

परत येताना डॉ. गद्रे यांनी मला चिंचेखाली थांबवले. बाकीचे दोघे पुढे गेले.

“वाण तर आता मागे घ्यावा लागेल,” ते म्हणाले.

“घेतला.”

“पण तुमच्या नावाला बट्टा लागायचं कारण नाही. मुकादमाने परस्पर केलं, केंद्रप्रमुखांना कल्पना नव्हती, एवढं अहवालात लिहा. पाचला आमची जीप निघेल, त्याआधी सहीनिशी द्या. त्या माणसावर जी कारवाई व्हायची ती होईल.”

“मला कल्पना नव्हती, हे खरंच आहे,” मी म्हणाले.

“म्हणूनच म्हणतो.”

मी विहिरीकडे गेले. निवृत्ती टोपल्या पालथ्या करीत होता. एक टोपली उलटी करायची, बुडावर थाप मारायची, माती ढिगावर पाडायची. मला पाहून तो उठला नाही. वीस वर्षांत असे प्रथमच झाले.

“निवृत्ती,” मी म्हणाले, “रागवायला आलेली नाही. वीस वर्षांचं मीठ आहे. बाईंची मान खाली जाऊ नये म्हणून तू हे केलंस, एवढं मला कळतं. पण मला विचारायचं होतंस.”

त्याने हातातली टोपली खाली ठेवली.

“तुमच्यासाठी?”

“मग कुणासाठी?”

“न्हाय बाईसाहेब. तुमच्यासाठी न्हाय केलं.” तो सरळ माझ्याकडे पाहत होता. “पहिल्या साली सुलभातायीनं तुमच्या आदी, शनवारी मोजणी केली, ती याद हाय का? सात झाडं पिवळी निघाली हुती एक्केचाळिसात. तायी वही घिऊन तुमच्याकडं आल्या. तुम्ही लाल पेन्सिलीनं सात खोडलं, तिथं भोपळा काढला, आन् समद्या बायांम्होरं म्हणालात, मोजता येत नसंल तर पयलीच्या वर्गात जाऊन बस.”

मी विहिरीच्या कठड्याला टेकले.

“तायी गोठ्याआड बसून रडत हुत्या. पोर कालपरवा आलेली, माझ्या धाकलीच्या वयाची. म्या म्हणलं, तायी, रडू नका, फुडल्या सोमवारी बाईसाहेबास्नी सात घावायचीच न्हाईत. तुम्ही तर सोमवारी आठाच्या ठोक्याला मोजणार. कधी चुकला न्हाईत. रविवार मोकळाच.”

सोमवारची मोजणी हा माझा नियम होता. मुलाच्या मुंजीच्या दिवशीही मी ती चुकवली नव्हती. इतर केंद्रांना मी तिचा दाखला देत असे.

“तिला हे ठाऊक होतं?”

“आता काय सांगू.” त्याने पुन्हा टोपली उचलली. “म्या मधी कदी गावाला गेलो, तर टोपल्यास्नी पानी कोन घालनार? त्याच घालायच्या.”

“तिन्ही वर्षं?”

“व्हय.”

“मग आत समितीपुढे हे का नाही बोललास?”

“बोलून काय हुयाचं? तिचं अजून समदं हुयाचं हाय. नोकरी, लगीन. माझी दीड सालं ऱ्हायली.” त्याने बुडावर थाप मारली, माती पडली. “तायीनं माझं नाव घ्यायला नगं हुतं. पन घेतलं. आसू दे.”

बंगल्याकडे चालताना मला ती सात झाडे आठवू लागली. ती मी पाहिली होती का? नव्हती. बियाण्यात भेसळ झाली असावी, मुलीने शेजारची ओळ मोजली असावी, असे मी खुर्चीत बसून ठरवले होते. माझ्या वाणात सात रोगट झाडे असू शकत नाहीत, हे मला रानात न जाताच माहीत होते. बारा वर्षांत कोणी आणून दिलेला आकडा मी खोडला, तो तेवढाच. खोडायची गरज पुन्हा पडली नाही. लोकांनी ती पडू दिली नाही.

कचेरीत सुलभा माझ्या टेबलासमोर बसली होती. कागद, खाली कार्बन, शाईचे पेन, सगळे नेहमीसारखे मांडलेले. अहवाल सांगायला मी येणार आणि तो तिलाच लिहायचा, हे तिने गृहीत धरले होते. त्या नेटकेपणाचाच मला त्या क्षणी सर्वांत जास्त संताप आला.

“टोपल्यांना पाणी तू घालत होतीस?”

तिच्या हातातले पेन हलले नाही. “निवृत्तीमामांनी सांगितलं?”

“मी विचारते आहे.”

“हो.”

“पत्रात लिहिलंस की या हंगामात कळलं.”

“डॉ. गद्रे यांच्या संस्थेत माझी नेमणूक होते आहे. एक तारखेपासून.”

“म्हणून.”

“तेवढं त्यासाठी लपवलं, मॅडम. पण पत्र लिहिलं ते त्यासाठी नाही. आमच्या गावाचं नाव बी वाटपाच्या यादीत आलं. वडील म्हणाले, तुझ्या बाईंचं बी आहे, सगळ्या रानात हेच टाकतो. मग मला झोप लागेना.”

“मला का सांगितलं नाहीस? एका घरात राहत होतो आपण.”

ती हसली नाही, पण तिच्या ओठांवर काहीतरी येऊन गेले. “एकदा सांगितलं होतं.”

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

“आणि निवृत्ती?” मी म्हणाले. “त्याने तुझे अश्रू पुसले आणि तू त्याचं नाव लिहून दिलंस.”

“ते कायम नोकरीत आहेत. फार तर ताकीद देतील.”

“दीड वर्ष उरलेल्या मुकादमाला काय देतात, हे तुला माहीत आहे. त्याच्या फायली तूच लावतेस.”

यावर तिने मान खाली घातली. रडेल असे मला वाटले. रडली असती तर कदाचित मी विरघळलेही असते. ती रडली नाही. गोठ्याआड रडणारी मुलगी तीन वर्षे माझ्या हाताखाली राहून पुरती शिकून तयार झाली होती.

सव्वाचार वाजले होते.

“लिही,” मी म्हणाले.

तिने पेन टेकवले.

“एकोणीसशे शहात्तरच्या रब्बी हंगामात, पहिल्याच मोजणीत, एक्केचाळीस क्रमांकाच्या ओळीत रोगट झाडे आढळली होती. झाडे न पाहता केंद्रप्रमुखांनी ती संख्या स्वतःच्या हाताने खोडली व तेथे शून्य लिहिले. मूळ नोंदवही सोबत जोडली आहे.”

पेन थांबले. तिने वर पाहिले. तीन वर्षांत तिच्या चेहऱ्यावर भीती मी पुष्कळदा पाहिली होती. गोंधळ प्रथमच पाहत होते.

“मॅडम, हे कोणी विचारलेलं नाही. डॉ. गद्रे यांना हे माहीतही नाही.”

“आता होईल. संख्या लिहिली नाहीस.”

“तुम्ही सांगितली नाहीत.”

“मोजली तू होतीस.”

“सात,” ती म्हणाली.

“मग लिही सात. पुढे. त्यानंतरची सर्व शून्ये त्या पहिल्या शून्यामुळे निर्माण झाली. मुकादम साबळे यांनी रोगट रोपे उपटली, ती केंद्रप्रमुखांच्या धाकामुळे. आकडा खोटा करण्याचा आरंभ त्यांनी केलेला नाही. म्हणून त्यांच्यावर कारवाई होऊ नये. वाण मागे घेण्यात येत आहे.”

तिचे अक्षर शेवटपर्यंत एकसारखे राहिले. ओळ संपली. कागद निम्म्याहून अधिक कोरा होता.

या अहवालाने पुढे काय केले, ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. मार्चमध्ये केंद्र माझ्या हातून काढून घेतले गेले आणि उरलेली नोकरी मी पुण्याच्या एका कचेरीत, इतरांच्या ज्वारीचे आकडे तपासत काढली. निवृत्ती आपल्या वेळी, हार घालून, सेवेतून मोकळा झाला. हाराचा फोटो त्याने पाठवला. सोबत चिठ्ठी नव्हती. माझ्या सुनांना, नातवंडांना एवढेच ठाऊक आहे की आजीचा एक वाण अपयशी ठरला.

पण त्या दुपारी यातले काहीच घडलेले नव्हते. अजून पाऊण तास होता आणि टेबलावर कोरी जागा होती.

“मी सांगायचं ते सांगून झालं,” मी म्हणाले. “तुला तुझ्याकडून काही घालायचं असेल, तर घाल. टोपल्यांविषयी. कागद उरला आहे.”

सुलभाने त्या कोऱ्या भागाकडे पाहिले. बाहेर जीपच्या चालकाने इंजिन सुरू करून पाहिले आणि बंद केले. निवृत्ती विहिरीकडून शेवटच्या टोपल्या डोक्यावर घेऊन खिडकीवरून गेला. त्याने आत पाहिले नाही. तिने त्याला जाताना पाहिले, हे मी पाहिले.

मग तिने तारीख टाकली, शेवटच्या ओळीखाली माझ्या सहीपुरती जागा सोडली आणि पेनाला टोपण लावले.

मी माझे पेन काढले आणि सही केली.